क्लच लिव्हर नसलेली बाइक घाटात वळवताना

होंडाच्या आफ्रिका ट्विन या बाइकची डीसीटी (ड्युअल क्लच ट्रान्समिशन, म्हणजे क्लच आणि गिअर गाडी स्वतःच सांभाळते) आवृत्ती चालवायला लागलात की पहिले काही दिवस डावा हात उगाचच लिव्हर शोधतो. ते लवकर सुटतं. खरा घोळ होतो यू-टर्न घेताना.

साध्या बाइकवर आपण क्लच अर्धा धरून वेग सांभाळतो. इथे तो हातात नाही. अगदी हळू वेगात थ्रॉटल पूर्ण मिटलात तर क्लच सुटतो, चाकाला मिळणारा जोर जातो आणि सामानासकट झुकलेली बाइक सरळ आतल्या बाजूला कलते. म्हणून थ्रॉटल किंचित उघडा आणि स्थिर ठेवा. वेग उजव्या पायाने, मागच्या ब्रेकवर हलका दाब देऊन आवरा. पुढच्या ब्रेकला हात नको. रिकाम्या मैदानात, पेट्या काढून, अर्धा तास गोल फिरा. पायाला ही सवय लागलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

वरंधासारखा घाट उतरताना डी मोड (नेहमीचा ऑटोमॅटिक मोड) लवकर वरचा गिअर टाकतो आणि इंजिनाचा ब्रेक कमी पडतो. वळणाआधीच डाव्या अंगठ्याने वजा बटण दाबून खालचा गिअर घ्या, किंवा एस (स्पोर्ट) मोड घ्या.

इंजिन बंद केलं की गाडी न्यूट्रलमध्ये जाते. उतारावर गिअरमध्ये टाकून उभी करता येत नाही, त्यामुळे पार्किंग ब्रेक ओढल्याशिवाय उतरू नका. इंजिन चालू असताना उतरायचं असेल तर आधी एन (न्यूट्रल) दाबा. डी मध्ये चुकून थ्रॉटल पिळला गेला तर बाइक पुढे झेप घेते.