डचमध्ये क्रियापद कुठं ठेवायचं?

‘डच म्हणजे इंग्रजीच, फक्त घसा खरवडून बोलायची,’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. मी ऐकलं आणि पहिलं वर्ष वाया घालवलं. शब्दांसाठी इंग्रजी उपयोगी पडते, क्रियापदाच्या जागेसाठी नाही.

साधं वाक्य सोपं: कर्ता, क्रियापद, मग बाकीचं. ‘इक वोन इन आम्स्टलवेन’, मी आम्स्टलवेनला राहतो. हो-नाहीच्या प्रश्नात क्रियापद सर्वांत आधी. झालं.

घोळ होतो तो वाक्य कर्त्याऐवजी दुसऱ्याच कशाने सुरू केल्यावर. ‘उद्या मी युट्रेख्तला जातो’ यात ‘उद्या’नंतर ‘मी’ येतो, इंग्रजीतही तसंच. म्हणजे आपल्या दोन्ही भाषा मिळून आपल्याला खड्ड्यात घालतात. डच माणूस म्हणतो, ‘मॉर्खन खा इक नार युट्रेख्त’. (‘खा’ म्हणजे जातो, जेवणाशी संबंध नाही.) क्रियापद दुसरी जागा सोडत नाही, कर्ताच उठून पलीकडे बसतो.

दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या जागेवर अख्खं उपवाक्यही बसतं: ‘आल्स हेट रेखन्ट, ब्लेइफ इक टाउस’, पाऊस पडला तर मी घरी राहतो. स्वल्पविरामाच्या अलीकडे-पलीकडे दोन क्रियापदं एकमेकांना खेटतात, आणि ते तसंच हवं. मी ‘तर मी’च्या सवयीने ‘इक ब्लेइफ’ म्हणायचो. बाजारातला चीजवाला शांतपणे ऐकून घ्यायचा आणि उत्तर इंग्रजीत द्यायचा! नियम पाठ करून हे सुटत नाही, बोलताना नियम आठवायला वेळच नसतो. ‘मॉर्खन खा इक’, ‘फानदाख वेर्क इक’ (आज मी काम करतो), ‘दान कॉम इक’ (मग मी येतो) असे तुकडे मोठ्याने म्हणून तोंडात बसवा. रोज दहा वाक्यं, एकही ‘इक’ने सुरू करायचं नाही.

पुढचं मराठी माणसाला माहेरचं. ‘ऑमदात’ (कारण), ‘दात’ (की), ‘आल्स’ (जर) आले की क्रियापद शेवटी: ‘ऑमदात इक झीक बेन’, कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द जुळतो. ‘वान्त’चा अर्थही कारणच, पण तो क्रियापदाला हलवत नाही: ‘वान्त इक बेन झीक’. भीतीपोटी कायम ‘वान्त’ वापरणारे खूप भेटतात. तसं करू नका, हातातला फायदा सोडताय.

दोन तुकड्यांत फुटणारी क्रियापदं: ‘इक बेल ये मॉर्खन ऑप’, तुला उद्या फोन करतो. ‘ऑप’ हे शेपूट शेवटी जातं, ‘ऑमदात’नंतर परत चिकटतं: ‘ऑपबेल’. भूतकाळातलं ‘खवेर्क्त’ही शेवटीच: ‘इक हेप खिस्टरन खवेर्क्त’, मी काल काम केलं.

उपवाक्याच्या शेवटी ‘खझीन हेप’ (पाहिलं आहे) की ‘हेप खझीन’? दोन्ही बरोबर. यावर वर्गात वाद घालत बसणाऱ्यांपासून लांब बसा.