मक्याचा पोंगा उघडून बघा

बुलडाण्याकडं मका घेणाऱ्यांचं धुऱ्यावरून नजर टाकून भागत नाही. मका गुडघ्याएवढा व्हायच्या आतच लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, शिरते. सकाळी वावरात आडवंतिडवं फिरा, पाच ठिकाणची झाडं तपासा. पानावर पांढुरके चट्टे, लांबट भोकं आणि पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली, की अळी काढून नीट बघा: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटाकडं चौकोनात चार काळे ठिपके. अळी लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी थेट पोंग्यात फवारा. मोठी झालेली अळी विष्ठेच्या बोळ्याखाली दडते, तिथं फवारा पोचतच नाही. या अळीच्या पतंगांवर लक्ष ठेवायला एकरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावा. जनावरांच्या हिरव्या मक्यावर मात्र रासायनिक औषध मारूच नका.