आधी शिवण मोजा, मग नक्षी वाचा

थायलंडचं पारंपरिक विणकाम शिकायला निघालेली मुलं-मुली अधूनमधून मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कुठल्या नक्षीचा काय अर्थ, अशी यादी आहे का तुमच्याकडे?" मीही याच प्रश्नापासून सुरुवात केली होती आणि त्यापायी माझे चार महिने वाया गेले. पुढे येणारे तीन शब्द आधी सांगते: ताणा म्हणजे मागावर ताणून लावलेले लांबीचे धागे, बाणा म्हणजे त्यांच्यातून आडवे विणत जाणारे धागे आणि इकत म्हणजे विणण्याआधी धागे बांधून रंगवणं.

बँकॉकमधल्या एका खासगी संग्रहात मी उमेदवारी करत होते. पहिलं काम जुन्या सिनांची नोंद करायचं. सिन म्हणजे नळीसारखं शिवलेलं, कमरेशी दुमडून नेसायचं वस्त्र. त्याचे भाग तीन: हुआ म्हणजे डोकं, तुआ म्हणजे अंग आणि खालचा काठ म्हणजे तीन. हा तीन आकडा नव्हे, थाई भाषेत त्याचा अर्थ पाऊल. तीन चोक हा काठ विणताना कापडाची उलटी बाजू वर असते आणि जादा रंगीत धागे बोटांनी किंवा साळिंदराच्या काट्यानं उचलून नक्षी भरतात.

माझ्याकडे एक सुंदर छापील तक्ता होता. नक्षी बघायची, तक्त्याशी ताडायची, गाव लिहून मोकळं व्हायचं. कलशाशी दोन पक्षी समोरासमोर दिसले की मे चेम. आडव्या रेघांमध्ये पायऱ्या-पायऱ्यांची लाट दिसली की नान. दोन्ही उत्तर थायलंडमधली. तीन आठवड्यांत वही भरली. तपासणाऱ्या बाईंनी पहिलंच सिन उलटं केलं आणि एवढंच विचारलं, "याला शिवणी किती?" मी पाहिलंच नव्हतं. एकाही सिनाचं पाहिलं नव्हतं. सगळ्या नोंदी नव्यानं कराव्या लागल्या.

हे नीट समजून घ्या, घाई करू नका. घरातला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल हातात घेऊन वाचलंत तर उत्तम. हातमागावर कापडाचा पन्हा मागाच्या रुंदीएवढाच निघतो. त्याची नळी करायचे दोन मार्ग. पहिला: कापडाची लांबी कमरेभोवती फिरवायची आणि टोकं एकदाच जोडायची. पन्हा झाला सिनाची उंची, ताणा अंगाभोवती आडवा गेला आणि शिवण आली एक. दुसरा: दोन तुकडे कापून पन्हा अंगाभोवती घ्यायचा. आता बाणा आडवा फिरतो आणि शिवणी येतात दोन.

आता मे चेम बघा. चियांग माईच्या डोंगरातलं हे थाई युआन लोकांचं विणकाम. माझ्यासमोरच्या सिनांच्या अंगावर आडवे पट्टे होते, ते ताण्यातच रंगवून लावलेले आणि शिवण एक. नानच्या थाई लू लोकांचं 'नाम लाय', म्हणजे वाहतं पाणी. तिथे रंगीत बाणा जागच्या जागी मागे वळवून लाट उमटवतात. पैठणीच्या पदराचं तंत्र माहीत असलेल्याला हे पटकन कळेल. ही लाट अंगावर आडवी यायची तर बाणाच आडवा हवा, म्हणून शिवणी दोन. आणि इसानमधल्या, म्हणजे ईशान्य थायलंडमधल्या, खोन केनचं मत्मी हे इकत? बाणा आधी बांधून रंगवतात, शिवण एक, म्हणून नक्षी अंगावर उभी चढते. नेसल्यावर दिसणारी आडवी रेघ एका ठिकाणी ताण्यातून येते, दुसऱ्या ठिकाणी बाण्यातून. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून सांगते, फोटोवरून शिकू नका.

अजून एक पदर आहे. हे तीन भाग वेगवेगळे विणून जोडलेले असतात. चांगला तीन चोक घरात जपला जातो आणि अंग विरलं की तोच काठ नव्या अंगाला लावतात. मग काठ आजीच्या काळचा आणि अंग कालपरवाचं, असं एकच सिन तुमच्या हातात येतं. मी त्याला एकच गाव आणि एकच काळ देत होते. तुम्ही एका सिनाच्या तीन नोंदी करा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग नाही. अर्थात हाही नियम डोळे झाकून लावू नका. हल्लीच्या रुंद मागांमुळे शिवणींचा हिशेब बदललाय.

एवढं वाचून घाबरला असाल तर सांगते, हात बसायला वेळ लागत नाही. दोन-तीन आठवडे रोज कापड उलटंपालटं केलंत की बोटांना आपोआप कळायला लागतं.

अर्थांकडे यायचं तर आपल्या लोकांना एक जास्तीचा धोका आहे. फिकुन म्हणजे आपलं बकुळ, हाँग म्हणजे हंस, नाक म्हणजे नाग. ओळखीचे शब्द भेटले की आपण आपलेच अर्थ त्यात ओततो. इसानमधला नाग पाण्याशी, मेकाँग नदीशी बांधलेला आहे. शिवाय दीक्षा घ्यायला निघालेल्या तरुणालाही तिथे 'नाक' म्हणतात. आपली नागपंचमी डोक्यात ठेवून त्या कापडाकडे पाहिलंत तर हे निसटेल. बकुळीची नक्षी तर दक्षिणेतल्या नाखोन सी थम्मरातपासून अनेक ठिकाणी आहे, तिच्यावरून प्रांत सांगताच येत नाही. मे चेमचे एकाच कलशातून पाणी पिणारे दोन पक्षी मात्र तिथले लोक एकोप्याची, निष्ठेची खूण म्हणून आजही सांगतात.

कधी कधी नावात अर्थ नसतो, माप असतं. इसानमधल्या कालासिन प्रांतातल्या बान फोन गावच्या फू ताई समाजाच्या बायका जी 'फ्रे वा' नावाची खांद्यावर घ्यायची शाल विणतात, तिच्यातला 'वा' म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, साधारण 2 मीटर. राणी सिरिकित 1977 मध्ये तिथे गेल्या, त्यानंतर हे कापड देशभर पोचलं.

आता माझं ठाम मत. तक्ते फेकून द्या. आज प्रत्येक प्रांताची एक अधिकृत नक्षी ठरवलेली असते. 2020 मध्ये राजकन्या सिरिवन्नावरी यांनी दिलेली मत्मीची नक्षी गावोगाव विणली गेली. ती सुंदर आहे, विणकरांच्या हाताला काम देते, पण तिला शतकांची परंपरा म्हणून लिहिलंत तर तुमची नोंद खोटी ठरेल. रेशमावरच्या सरकारी मोराच्या शिक्क्यालाही भुलू नका. सोनेरी मोर देशी रेशीम आणि हातकामाची हमी देतो, नक्षीचं वय किंवा अर्थ सांगत नाही.

आणि गुरू निवडताना ज्यांच्याकडे सगळ्याचं उत्तर तयार असतं, त्यांच्यापासून लांब राहा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते खोन केन प्रांतातल्या चोन्नबोतच्या एका विणकर आजींनी. मी नक्षीचा अर्थ विचारला तर त्या काही बोलल्या नाहीत. रंगवण्याआधी बाणा ज्यावर बांधतात ती चौकट माझ्यासमोर ठेवली आणि धाग्यांच्या जुड्या मोजायला लावल्या. या जुडीला 'लाम' म्हणतात आणि किती लामांची नक्षी यावरून विणकरणी एकमेकींशी बोलतात. पूर्वी लाम केळीच्या सोपट्याने बांधायचे, आता प्लॅस्टिकच्या सुतळीने. दुपारभर मोजून माझा आकडा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला तेव्हा त्यांनी नक्षीचं नाव सांगितलं, आणि शेजारच्या गावात तिलाच वेगळं नाव आहे हेही सांगितलं.

जाण्याआधी थाई लिपी वाचायला शिका, रोमन अक्षरांत नावांचा चुथडा होतो. आणि इसानला जायचं तर भातकापणीनंतर जा, डिसेंबर ते मार्च. जूनमध्ये गेलात तर माग रिकामे दिसतील, आजी शेतावर असतील.