अलंकार ओळखायचे तर एकच वाक्य फिरवा

दहावीच्या पोरांना उपमा-उत्प्रेक्षेच्या व्याख्या पाठ असतात, कवितेत मात्र त्या सापडत नाहीत. वही बाजूला ठेवा आणि फुटलेल्या कापसाचं एकच वाक्य फिरवून पाहा. ‘शेत चांदण्यासारखं पांढरं’ ही उपमा. ‘शेतात जणू चांदणंच उतरलं’ ही उत्प्रेक्षा. ‘शेत म्हणजे चांदणंच’ म्हटलं की रूपक, आणि ‘हे शेत नव्हेच, चांदणं आहे’ असं शेतालाच नाकारलं की अपन्हुती. सारखा, सम, परी दिसले तर उपमेकडे झुका; जणू, गमे, भासे असले तर उत्प्रेक्षेकडे. पण नुसत्या शब्दावर विसंबू नका. जुन्या कवितेत ‘परी’ म्हणजे ‘पण’सुद्धा असतं, आणि पोरं नेमकी तिथंच फसतात.

नाटकातले शब्द मांडवात लवकर कळतात. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा-ब्रह्मपुरीकडे, रात्र-रात्र नाटकं चालतात. पोरांना सोबत न्या. पात्र स्वतःशीच बोलतं अन् बाकीच्यांना ते ऐकू गेलं नाही असं धरायचं, ते स्वगत. मंचावरच्या इतरांना चुकवून एकालाच सांगितलं तर जनान्तिक. जुन्या संहितेत ‘नेपथ्ये’ लिहिलं असेल तर आवाज पडद्यामागून येतोय. आजच्या जाहिरातीतलं नेपथ्य म्हणजे मात्र मंचावरची सजावट.