जुनी फियाट घेताय? या चुका टाळा

चावी फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, आवाज गोड लागला की सौदा अर्धा ठरतो. जुनी फियाट (११०० डिलाइट किंवा पद्मिनी) घेताना होणारी पहिली चूक हीच. या गाडीत सगळ्यांत सोपी दुरुस्ती असते ती इंजिनाची. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन; ते बांधणारे मिस्त्री पुण्यात अजून आहेत आणि नाना पेठेत विचारपूस केली तर पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट, बेअरिंगही मिळतात. सडलेला पत्रा आणि अडकलेले कागद मात्र गाडीच्या किमतीहून जास्त पैसे खातात. म्हणून तपासणी तिथून सुरू करा.

जाळी बघून साल ठरवणं

प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. सांगाडा तोच राहिल्यामुळे पुढची जुनी जाळी (ग्रिल), बंपर, क्रोमच्या पट्ट्या नंतरच्या गाडीवर थोड्या खटपटीने बसतात. ऐंशी सालानंतरची पद्मिनी अशी नटवून ‘साठच्या दशकातली’ म्हणून दाखवली जाते. साल ठरवायचं ते आरसीवरून, आणि आरसीवरचा चासी व इंजिन नंबर गाडीवरच्या ठशाशी स्वतः ताडून. ठशावर घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा. (पुढच्या दरवाजांची बिजागरी मागच्या बाजूला असलेली ‘डुक्कर फियाट’ याहून जुनी. तिचे सुटे भाग पद्मिनीच्या भरवशावर शोधू नका.)

मुंबईत टॅक्सी म्हणून राबलेली गाडी खासगी म्हणून विकली जात नाही ना, हेही बघा. डिकीच्या झाकणाचं रबर थोडं उचला, बिजागऱ्यांच्या मागे आणि डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारा. वरच्या रंगाखाली काळा-पिवळा डोकावतो. डिकीच्या तळात सिलिंडरच्या पट्ट्या बसवल्याची भोकं दिसली तर तिथे गॅस किट होतं. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण किंमत त्या हिशेबाने व्हायला हवी, आणि किट काढल्याची किंवा इंधन बदलल्याची नोंद आरसीवर हवी.

रंगावर भाळणं

फियाटला वेगळी चासी फ्रेम नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळ सडला की गाडीची ताकदच जाते. वर्षानुवर्षं वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीत पावसाचं पाणी काचेच्या रबरातून आत झिरपतं, मॅटखाली साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून काहीच दिसत नाही.

फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दरवाजांच्या खालच्या वीतभर भागावर, दरवाजाखालच्या सिलवर (उंबऱ्यासारख्या पत्र्यावर) आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग मॅट उचला. ड्रायव्हरच्या पायाखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, स्टेपनीच्या जागेत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका; खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर पत्रा गेलेला आहे. सगळ्यांत महत्त्वाचं, गाडी उचलून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला जोडले आहेत ती जागा बघा. तिथे तुकडा लावून वेल्डिंग केलेलं असेल तर गाडी कितीही चकचकीत असो, घेऊ नका. जॅक लावल्यावर दरवाजा उघडायला जड झाला, तर सिल कमजोर झाल्या आहेत.

खालून ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर तो कशासाठी मारला, याची शंका घ्याच.

गरम इंजिन तपासणं

तुम्ही पोचायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) संशयात. इंजिन तेल मोजायची काडी हुंगा. पेट्रोलचा वास आला तर इंजिनावरच्या इंधन पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरतंय.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. आकड्यांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर बहुधा त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलेलं.

मग गाडी जुन्या कात्रज घाटात चढवा. वर बोगद्यापाशी थांबून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असल्याने एकदा भरपूर तापलेलं हेड वाकतं आणि पुन्हा पुन्हा गॅस्केट खातं. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा मंद चालीवर लुकलुकला तर बेअरिंगचा खर्च धरा. उतरताना दुसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. गिअर निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. पहिला गिअर चालत्या गाडीत टाकताना कुरकुरतो, त्याला मात्र दोष नका देऊ. त्याला सिंक्रोमेश (गिअर अलगद जुळवणारी रचना) नाही.

कागद शेवटी बघणं

१९८९ च्या आधीच्या तीन अक्षरी नंबराच्या बऱ्याच गाड्यांची नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलेली नसते. ती चढवून घेतल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरणही अडतं आणि हस्तांतरणही. हे काम विकणाऱ्याने पुरं करावं, आधी पैसे देऊ नका. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची संमती. मग तुमच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. एका भावाची सही पुरत नाही. मुंबईची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते का, तेही आधी विचारा.

पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही; रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. रविवारी घरच्यांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा: तपासणी, पर्यावरण कर आणि पुढची पाच वर्षं.

बंद गाडी चालवत आणणं

वर्षभर उभी असलेली गाडी टोइंगच्या ट्रकवरच आणा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) रबरी कप आणि होज वाळलेले असतात आणि जोराच्या पहिल्या ब्रेकला फुटतात. कप, होज, ब्रेक ऑइल बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला खातं, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदाही त्याच वेळी नवा घाला. टायरवरचा चार आकडी ठसा वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. दहा वर्षांहून जुना टायर, खाचा कितीही खोल असल्या तरी, काढून टाका.