मार्करलेस मोशन ट्रॅकिंग शिकायचंय? आधी कॅमेरा, मग कोड

अंगाला एकही चकाकणारा मार्कर न चिकटवता नुसत्या व्हिडिओवरून गुडघ्याचा कोन काढता येतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं लॅपटॉप आणि थोडं पायथन असलं की काम फत्ते. कसलं काय. पहिल्या तीन आठवड्यांचा डेटा अख्खा फेकून दिला मी, आणि कोड बिचारा बरोबर होता, शटर स्पीड मंद राहिला होता. जमिनीवर टेकलेला पाय स्पष्ट आणि हवेतून पुढे येणारा पाय नुसता धुरकट, मग मॉडेल (व्हिडिओत सांधे शोधणारा प्रोग्राम) घोटा अंदाजाने कुठेतरी ठेवून मोकळं. तेव्हा उजेड भरपूर ठेवा, शटर फास्ट ठेवा. थ्रीडी नीट मोजायचं असेल तर किमान दोन कॅमेरे लागतात, ते सिंक पाहिजेत, आणि चेकरबोर्डने (काळ्यापांढऱ्या चौकटींचा छापील पट) कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यांच्या जागांची मोजणी, झाली की ट्रायपॉडला कुणाचा धक्कासुद्धा लागता कामा नये.

दुसरी माती मी अशी खाल्ली की घोट्याचा कोन मोजतो म्हणून गाइडना सांगून बसलो आणि मॉडेल घेतलं कोको डेटासेटच्या (खुणा केलेल्या फोटोंचा संग्रह) 17 बिंदूंवर, म्हणजे शरीरावरच्या सांध्यांसारख्या ठरावीक जागांवर, शिकलेलं. त्यात घोट्याच्या खाली एकही बिंदू नाही! टाच नाही, अंगठा नाही, मग कोन काढणार कशाचा? असंच बिंदू शोधणारं दुसरं सॉफ्टवेअर ओपनपोज, त्याच्या 25 बिंदूंच्या मॉडेलमध्ये टाच आणि बोटं आहेत, मीडियापाइप या तिसऱ्याच्या 33 मध्येही टाच आणि पायाचं टोक आहे. तसंच मांडी स्वतःभोवती आतबाहेर किती फिरली हे फक्त खुबा आणि गुडघा या दोन बिंदूंवरून कळूच शकत नाही, दोन बिंदूंतून एक रेघ निघते आणि रेघ स्वतःभोवती फिरली तरी दिसते तशीच. स्टॅनफर्डचं ओपनकॅप हे सॉफ्टवेअर यावर उपाय म्हणून व्हिडिओतल्या 20 बिंदूंवरून 43 शारीरिक मार्करांच्या (एरवी अंगावर चिकटवतात त्या खुणांच्या) जागांचा अंदाज बांधतं आणि पुढे सांगाड्याचं मॉडेल बसवतं. भारी आहे, पण अंदाजच तो.

फिल्टरची घाई नको. चालण्यासाठी 6 हर्ट्झचा लो-पास बटरवर्थ (त्याहून झपाट्याने होणारी थरथर काढून टाकणारा फिल्टर) सगळेच लावतात, मीही लावला, पण बाजूने शूट केलं की पाय एकमेकांसमोरून जाताना डावा-उजवा अदलाबदल होतो आणि ती एकदोन फ्रेमची चूक फिल्टर आजूबाजूच्या फ्रेममध्ये पसरवून गुळगुळीत करून ठेवतो, ग्राफ एकदम देखणा दिसतो. म्हणून कच्चे बिंदू व्हिडिओवर चढवून फ्रेम-फ्रेम बघा, कंटाळा येतो, तरी बघा. मॉडेल प्रत्येक बिंदूला 0 ते 1 मध्ये देतं तो कॉन्फिडन्स स्कोअर 0.9 आला म्हणजे बिंदू सांध्यावरच बसलाय असं नाही, मॉडेलला स्वतःबद्दल खात्री आहे एवढंच.

पहिला प्रोजेक्ट छोटा घ्या: एक माणूस, एका बाजूने कॅमेरा, चालताना गुडघा. थोड्या फ्रेम स्वतः क्लिक करून मॉडेलशी ताडून बघा. मी त्याच फ्रेम दुसऱ्या दिवशी परत क्लिक केल्या, तर खुबा माझाच माझ्याशी जुळेना.