मॅक्रो आपोआप चालत नाही? कोडला हात लावण्याआधी या चुका तपासा

सकाळी साडेदहाला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "सर, कालपर्यंत चालत होतं, आज फाइल उघडली तर काहीच होत नाही. आम्ही काहीच केलेलं नाही." बिचारे खोटं बोलत नसतात. फाइलचं नाव बदललं, ती मेलने दुसऱ्या टेबलावर गेली, नवा लॅपटॉप आला, यातलं काही 'केलं' असं कुणाच्या मनातही येत नाही. एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा कोड, बंद पडायला एवढं पुरतं.

इथे सर्वांत महागात पडणारी चूक आपण करतो. लगेच ऑल्ट-एफ११ दाबून कोड उघडतो आणि चालत्या ओळी बदलत बसतो. एक्सेलचा मॅक्रो 'आपोआप चालला नाही' म्हणजे तीनपैकी एक काहीतरी झालेलं असतं : त्याला परवानगी मिळाली नाही, त्याला कुणी हाकच मारली नाही, किंवा तो निघाला आणि वाटेत ठेचकाळला. कोड बघायची वेळ फक्त तिसऱ्या प्रकारात येते.

कुठला प्रकार आहे हे ओळखायला मी प्रत्येक मॅक्रोच्या पहिल्या ओळीत एक खूण ठेवतो. शेजारच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तारीख, वेळ आणि 'सुरू' एवढंच लिहायचं. शेवटच्या ओळीत तसंच 'संपलं'. फाइलमध्ये आजची नोंदच नसेल तर परवानगीचा किंवा हाकेचा घोळ. 'सुरू' आहे पण 'संपलं' नाही, तर ठेच. (कोडमधले शब्द या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच इंग्रजीत टाकायचे.)

पेनड्राइव्हवरून चालते, मेलवरून नाही

ही तक्रार २०२२ पासून फार वाढली, आणि ती खरीच आहे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या ऑफिसमध्ये नियम बदलला : इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच अडवायचे. पूर्वी वर पिवळी पट्टी यायची आणि 'एनेबल कंटेंट' दाबलं की काम भागायचं. आता अशा फाइलवर लाल पट्टी येते आणि तिच्यावर ते बटणच नसतं.

फाइल ब्राउझरने किंवा मेलमधून उतरवली की विंडोज तिला एक अदृश्य शिक्का मारतं : ही बाहेरून आली आहे. हा शिक्का एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकतो. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो. तिथे तो गळून पडतो, म्हणून तीच फाइल पेनड्राइव्हवरून सुरळीत चालते. उपाय सोपा आहे. एक्सेल बंद करा, फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', खाली 'अनब्लॉक'वर टिक, 'ओके'. झिप आली असेल तर सोडवण्याआधी झिपलाच अनब्लॉक करा. नाहीतर आतल्या प्रत्येक फाइलवर शिक्का उतरतो आणि तुम्ही चाळीस फाइलींवर राइट क्लिक करत बसता. अर्थात हे फक्त ओळखीच्या माणसाकडून आलेल्या फाइलसाठी. अनोळखी मेलमधल्या 'इन्व्हॉइस'वर ही मेहरबानी नको.

पिवळ्या पट्टीचीही एक खोच आहे. 'एनेबल कंटेंट' दाबलं की एक्सेल ती फाइल विश्वासातली धरतं, पण नाव आणि जागा यांसकट. तुम्ही रोज 'सेव्ह अ‍ॅज' करून नव्या तारखेच्या नावाने प्रत काढत असाल तर एक्सेलच्या लेखी रोज नवीन पाहुणा. रोज पट्टी येणार, आणि कुणीतरी ती दाबेपर्यंत मॅक्रो गप्प. अशा फाइलींसाठी एक वेगळा फोल्डर करून तो ट्रस्ट सेंटरमध्ये (एक्सेलच्या सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये) 'ट्रस्टेड लोकेशन' म्हणून नोंदवा. 'डाउनलोड्स' हा फोल्डर मात्र कधीही नोंदवू नका. आणि 'एनेबल ऑल मॅक्रोज' करून मोकळं होणं म्हणजे किल्ली हरवते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखं आहे. फोनवर हा सल्ला देणारे बरेच आहेत, ऐकू नका.

फाइलचा प्रकारही बघून घ्या. एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहतच नाही. सेव्ह करताना एक्सेल तसं विचारतं, आपण घाईत 'यस' दाबतो आणि कोड कायमचा जातो. एक्सएलएसएम किंवा एक्सएलएसबी हवं. आणि मोबाइलवर किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए (मॅक्रो लिहायची भाषा) चालत नाही, तिथे शोधाशोध करू नका.

हाक चुकीच्या दारात

फाइल उघडताच चालणारा कोड लिहायच्या दोन रीती आहेत. जुनी 'ऑटो_ओपन', ती साध्या मॉड्यूलमध्ये (कोड लिहायच्या पानावर) लिहायची. नंतरची 'वर्कबुक_ओपन', ती 'धिसवर्कबुक' नावाच्या मॉड्यूलमध्येच लिहायची. 'वर्कबुक_ओपन' मॉड्यूल१मध्ये चिकटवलं तर एक्सेल त्याला साधी सब (कुणी बोलावलं तरच चालणारा कोडचा तुकडा) समजतं. एरर येत नाही, तक्रार येत नाही, काहीच होत नाही. इंटरनेटवरून कोड उचलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे एकदा केलेलं असतं. मीही केलंय.

शीटच्या इव्हेंटचं (सेल बदलला वगैरे घटना घडताच चालणाऱ्या कोडचं) तसंच. 'वर्कशीट_चेंज' त्या त्या शीटच्याच मॉड्यूलमध्ये हवं. नाव हाताने टाइप करू नका, वरच्या दोन ड्रॉपडाउनमधून निवडा. एक अक्षर चुकलं तरी ती सब अनाथ होते.

'ऑटो_ओपन'चा आणखी एक स्वभाव असा, की माणसाने फाइल उघडली तर ती चालते, दुसऱ्या कोडने उघडली तर नाही. तिथे 'रनऑटोमॅक्रोज' असं स्पष्ट सांगावं लागतं. 'वर्कबुक_ओपन'ला ही अडचण नाही, म्हणून नव्या कामात मी तीच वापरतो. फाइल उघडताना शिफ्ट दाबलेली असेल तर दोन्ही चालत नाहीत. ही मुद्दाम ठेवलेली चोरवाट आहे, पण कीबोर्डवर डबा ठेवून फाइल उघडणारे लोक मी पाहिले आहेत.

'कॉम्प्युटर बंद-चालू केला की चालतं'

हे वाक्य ऐकलं की माझा संशय थेट एका ओळीवर जातो : 'अ‍ॅप्लिकेशन डॉट एनेबलइव्हेंट्स' बरोबर 'फॉल्स'. 'वर्कशीट_चेंज'मधून सेलमध्ये काही लिहिलं की त्याने पुन्हा 'चेंज' उठतो आणि चक्र सुरू होतं. म्हणून आपण आधी इव्हेंट बंद करतो आणि शेवटी सुरू करतो. मधल्या एखाद्या ओळीत एरर आली, समोरच्याने पांढऱ्या चौकटीतलं 'एन्ड' दाबलं, की शेवटची ओळ कधीच चालत नाही. आता इव्हेंट बंदच. नुसत्या त्या फाइलचे नव्हेत, त्या एक्सेलमध्ये उघडलेल्या सगळ्या फाइलींचे. 'डिस्प्लेअलर्ट्स' आणि 'स्क्रीनअपडेटिंग' कोड संपला की आपसूक पूर्ववत होतात, त्यामुळे याचंही तसंच होईल असं आपण धरून चालतो. होत नाही. एक्सेल पूर्ण बंद केल्यावरच ते मूळ पदावर येतं, आणि कॉम्प्युटर बंद-चालू करण्याची जादू ती एवढीच.

तपासायला एडिटरमध्ये कंट्रोल-जी दाबा. खाली इमिजिएट विंडो उघडते. तिथे प्रश्नचिन्ह टाकून 'अ‍ॅप्लिकेशन डॉट एनेबलइव्हेंट्स' लिहून एंटर मारा. उत्तर 'फॉल्स' आलं तर चोर सापडला. तिथेच त्याला 'ट्रू' करा. कायमचा उपाय म्हणजे सबच्या सुरुवातीलाच 'ऑन एरर गोटू' लावून शेवटच्या लेबलखाली इव्हेंट सुरू करणं, म्हणजे एरर आली तरी वाट तिथूनच जाईल. फक्त तिथे एररचा नंबर आणि मजकूर दाखवायला विसरू नका, नाहीतर चूक गुपचूप गिळली जाते आणि पुढच्या महिन्यात ताळा लागत नाही.

'चेंज'बद्दल दुसरा गैरसमज असा, की आकडा बदलला म्हणजे तो उठणारच. सूत्राने बदललेल्या आकड्याला 'वर्कशीट_चेंज' विचारतही नाही. दुसऱ्या शीटवर शिल्लक बदलली आणि व्हीलुकअपने इथला आकडा फिरला, तर इथे 'वर्कशीट_कॅल्क्युलेट' लागतं. आणि कॅल्क्युलेशन 'मॅन्युअल'वर असेल तर तेही गप्प. गंमत म्हणजे एक्सेल ही सेटिंग सुरू झाल्यावर उघडलेल्या पहिल्या फाइलकडून उचलतं. कुणाची तरी मॅन्युअलवाली जड फाइल आधी उघडली की तुमच्या फाइलचंही मॅन्युअल.

शीटचं नाव मराठीत ठेवलंय?

आपल्याकडच्या ऑफिसांत हा घोळ हमखास होतो. शीटचं नाव 'हजेरी' किंवा 'खतावणी' ठेवायला एक्सेलची काहीच हरकत नसते. पण व्हीबीएचा एडिटर जुन्या वळणाचा आहे, त्याला युनिकोड येत नाही. कोडमध्ये 'हजेरी' टाइप किंवा पेस्ट केलं की तिथे चार-पाच प्रश्नचिन्हं उमटतात, आणि मॅक्रो खरोखरच प्रश्नचिन्हं नावाचं शीट शोधायला जातो. मिळते ती एरर नऊ, 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज'. मराठी नावाची फाइल 'डिर' या फाइल शोधणाऱ्या फंक्शनने शोधली तरी असाच हात हलवत परत येतो.

यासाठी शीटचं नाव बदलायची गरज नाही. प्रत्येक शीटला एक आतलं नाव असतं, एडिटरच्या डाव्या यादीत कंसाबाहेर दिसतं ते, शीट१ वगैरे. कोडमध्ये तेच वापरा. टॅबवर 'हजेरी'चं 'हजेरी जून' झालं तरी मॅक्रो अडत नाही. मराठी मजकूर लागलाच तर तो एका सेलमध्ये लिहून ठेवा आणि कोडला तिथून वाचू द्या. 'सीएचआरडब्ल्यू' वापरून एकेक अक्षर जोडताही येतं, 'ज'साठी २३३२ वगैरे, पण दोन शब्दांपलीकडे ते काम करण्यात शहाणपण नाही.

नव्या लॅपटॉपवर मॅक्रो मेला असेल तर ऑफिस ६४-बिट आहे का बघा. विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या जुन्या 'डिक्लेअर' ओळींमध्ये 'पीटीआरसेफ' हा शब्द लागतो. आणि 'टूल्स'मधल्या 'रेफरन्सेस'मध्ये, म्हणजे कोड ज्या बाहेरच्या लायब्ररी वापरतो त्यांच्या यादीत, 'मिसिंग' असं काही दिसलं तर ती टिक काढा. एका हरवलेल्या रेफरन्सपायी 'लेफ्ट', 'ट्रिम' अशी साधी फंक्शनंही एरर देतात.

वेळेवर चालणारे मॅक्रो

'अ‍ॅप्लिकेशन डॉट ऑनटाइम'ने संध्याकाळी सहाची वेळ लावली तरी त्या वेळी एक्सेल उघडं आणि मोकळं असावं लागतं. एकाने सेलमध्ये अर्धा आकडा टाइप केला, एंटर न मारता चहाला गेला, की कर्सर लुकलुकत राहतो आणि मॅक्रो दारात ताटकळतो. शिवाय 'ऑनटाइम' एकदाच वाजतो. रोज हवा असेल तर चालल्यावर त्याने स्वतःच पुढची वेळ लावायला हवी. रद्द करताना लावलेली वेळ अगदी तीच द्यावी लागते, म्हणून ती व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा. रद्द न करता नुसती फाइल बंद केली आणि एक्सेल चालू राहिलं, तर ठरल्या वेळी फाइल आपली आपण उघडते. ऑफिसात भुताटकीची चर्चा होते ती यामुळे.

त्यापेक्षा ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारा विंडोजचा टास्क शेड्युलर बरा, पण त्याचेही नखरे आहेत. 'यूजर लॉग-इन असो वा नसो, चालव' हा पर्याय निवडला की एक्सेल पडद्याआड चालतं. कोडमध्ये एखादा 'मेसेजबॉक्स' राहिला असेल तर तो 'ओके'ची वाट बघत अदृश्यपणे बसून राहतो आणि दुसऱ्या दिवशी फाइल 'रीड-ओन्ली' उघडते. टास्क मॅनेजरमध्ये अडकलेलं एक्सेल दिसेल, ते संपवा. अशा बिनमाणसाच्या चालवण्याची हमी मायक्रोसॉफ्टही देत नाही, म्हणून मी शक्यतो लॉग-इन असतानाच चालवतो. नेटवर्क ड्राइव्हचं 'झेड' अक्षर तिथे दिसेलच असं नाही, पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. स्क्रिप्टने उघडलेल्या एक्सेलमध्ये तुमची 'पर्सनल' मॅक्रो फाइल आणि अ‍ॅड-इन्स आपोआप येत नाहीत. आणि नवी स्क्रिप्ट लिहायचीच तर व्हीबीस्क्रिप्टऐवजी पॉवरशेलमध्ये लिहा. व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर केलंय.

एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेसाठी मी असा टास्क लावला होता. रोज संध्याकाळी सातला पिग्मी एजंटांची वसुली एकत्र करायची आणि रिपोर्ट मॅनेजरसाहेबांना मेल करायचा. आठवड्यातून दोनदा तरी तो निघायचाच नाही, आणि खुणेच्या फाइलमध्ये 'सुरू'सुद्धा नसायचं. म्हणजे कोड निर्दोष, हाकच जात नव्हती. मी तीन आठवडे पासवर्ड, पाथ, परवानग्या बदलत राहिलो. शेवटी तिथल्या क्लार्कताईंनीच चुकलेल्या दिवसांची यादी वाचून सांगितलं, "सर, या सगळ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेले होते." लॅपटॉप चालू असायचा, पण बॅटरीवर. टास्कच्या 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'कॉम्प्युटर चार्जिंगला असेल तरच सुरू कर' अशी एक टिक असते, आणि ती मुळातच लावलेली येते. तिच्या खालीच 'बॅटरीवर गेला तर थांबव' ही दुसरी. दोन्ही काढल्या. आता लाइट गेले तरी सातला रिपोर्ट तयार असतो. राउटरला इन्व्हर्टर नाही, त्यामुळे मेल मात्र लाइट आल्यावरच जातो.